न रुजलेली भीती

कुत्रा चावला याचं प्रणिताला फारसं काही वाटलं नव्हतं. दिवेखार हे खाडीकाठचं गाव. मासळीच्या वासाने कुत्री गोळा व्हायचीच, आणि पोरं म्हटल्यावर एखादा चावा कुणाच्या तरी वाट्याला यायचाच. ती हादरली ती त्यानंतर काही दिवसांनी. तिची सात वर्षांची लेक उर्वी, डाव्या हाताला पट्टी, त्याच कुत्र्यासमोर उकिडवी बसली होती. कुत्रा माशाचं डोकं चघळत दात विचकत होता आणि उर्वी उजवा हात पुढे करून ते डोकं हळूच ओढत होती.

प्रणिताने तिला मागून उचललं आणि घरात आणून ओट्यावर बसवलं.

"हाताला टाके कशाने पडले गं तुझ्या?"

"मोत्या चावला म्हणून."

"दुखलं होतं ना?"

"खूप दुखलं. सुई टोचली तेव्हा तर जास्तच."

"मग परत त्याच्या तोंडात हात घातलास?"

उर्वीने प्रामाणिकपणे विचार केला. "तो आतापण चावतो का, ते बघत होते."

पोरगी द्वाड नव्हती आणि मठ्ठ तर मुळीच नव्हती. पाढे तोंडपाठ, गाणी तोंडपाठ. कुत्रा कधी चावला, किती रक्त आलं, हेही तिला नीट आठवत होतं. पण त्या आठवणीने पाऊल जागच्या जागी अडायला हवं, ते अडत नव्हतं.

गावाला मात्र याचं कौतुक होतं. मागे एकदा पुरात पलीकडच्या वस्तीतली माणसं अडकली, तेव्हा दिवेखारच्या पोरांनी पाण्यात उड्या टाकून दोन म्हाताऱ्यांना ओढून आणलं होतं. तेव्हापासून गावाच्या वेशीवर 'धाडसी मुलांचं गाव' अशी कमान उभी होती. प्रणिता गावातल्या अंगणवाडीची सेविका. कडाडून वीज पडली तरी तिच्या वर्गातलं एकही मूल धावत येऊन तिला बिलगत नाही, हे तिच्या कधीच लक्षात आलं होतं. शहाणी पोरं आहेत, असं ती समजत आली.

मग विराज गेला. तिच्याच वर्गात शिकून वर गेलेला मुलगा. चेंडूच्या मागे चिखलात उतरला आणि भरतीचं पाणी चढू लागलं तरी पुढेच चालत राहिला. काठावरून माणसं बोंबलत होती. त्याने वळून सगळ्यांना हात केला, हसला आणि चेंडूकडे गेला. पुढच्या उन्हाळ्यात एका मुलीने विजेच्या रोहित्राची तार हातात धरली. दोघंही कमानीवरच्या नावाला साजेसे वागले, असं सांत्वनाला आलेलं कुणीतरी बोलून गेलं. विराजची आई उठून आत गेली.

त्या दोन मृत्यूंच्या बातम्या वाचून डॉ. इम्तियाज मुकादम गावात आले. माणूस याच खाडीच्या पलीकडच्या तीरावरचा. मुंबईतल्या एका संस्थेत मेंदूच्या पेशींवर संशोधन करणारा. बोलणं कोकणी वळणाचं, सावकाश. अंगणवाडीत मुलांच्या खुर्चीवर गुडघे दुमडून बसत त्यांनी प्रणिताकडे मागणी केली ती पडणाऱ्या दुधाच्या दातांची.

"कौलांवर फेकू नका, ताई. या बाटलीतल्या पाण्यात टाका आणि त्याच दिवशी मला कळवा. दाताच्या आतला गर जिवंत पाहिजे."

उर्वीचा पुढचा दात हलतच होता. तिने तो तिथेच, डॉक्टरांच्या देखत, पिळून उपटला आणि रक्ताने माखलेल्या तोंडाने विचारलं, "हा चालेल?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी प्रणिताकडे पाहिलं, आणि त्या नजरेतच तिला पहिल्यांदा कळलं, की हे धाडस नव्हे, काहीतरी बिघडलंय.

*

निकाल यायला पुढचा पावसाळा उजाडला. प्रणिता आणि तिचा नवरा जयेंद्र दोघं मुंबईला गेले. जयेंद्र खाडीच्या मुखाशी असलेल्या कारखान्यात कामाला होता. पेट्रोलच्या गाड्या बंद होत गेल्या तशी बॅटऱ्यांची मागणी वाढली, आणि त्या बॅटऱ्या थंड ठेवणारं तेल हा कारखाना बनवायचा. धूर नाही, वास नाही. स्वच्छ कारखाना म्हणून त्याचं नाव होतं आणि त्याने अर्ध्या गावाला काम दिलं होतं.

डॉक्टरांनी पडद्यावर उर्वीच्या दाताचा उभा छेद दाखवला. झाडाच्या खोडात असतात तशी त्यात वलयं होती.

"दुधाचे दात आईच्या पोटातच घडायला लागतात. रोज एक पातळ थर. जन्माच्या दिवशी त्यात एक गडद रेघ उमटते. ही बघा. या रेघेच्या आत जे आहे ते सगळं पोटातलं." त्यांनी बोट आत सरकवलं. तिथे एक पट्टा लालसर चमकत होता. "गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत तिच्या शरीरात एक परका रेणू आला. गावातल्या आणखी एकोणीस मुलांच्या दातांत तो आहे."

"कसला रेणू?" जयेंद्रने विचारलं.

"तुमच्या दोन बांगड्या देता का, ताई?"

प्रणिताने काचेच्या दोन बांगड्या उतरवून दिल्या. डॉक्टरांनी त्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून दोन ठिकाणी दोऱ्याने बांधल्या.

"कारखान्याचं तेल म्हणजे हे. कार्बनची दोन कडी, दोन दुव्यांनी जोडलेली, म्हणून सपाट. कडेला क्लोरीनचे अणू. हा सपाट रेणू मेंदूत शिरत नाही. कंपनीने तशा चाचण्या केल्यात आणि त्या खोट्या नाहीत. पण थोडं तेल धुण्याच्या पाण्याबरोबर खाडीत जातं आणि तळाच्या चिखलात बसतं. तिथे हवा नसते. तिथल्या जिवाणूंना जगायला काहीतरी हवं असतं. ते यातला एक दुवा तोडतात." त्यांनी एक दोरा कापला आणि बांगड्या उचलल्या. एक बांगडी दुसरीला आडवी होऊन लोंबू लागली. "सांध्याजवळचे क्लोरीन अंगाने दांडगे. ते एकमेकांना ढकलतात आणि कडी अशी पिळलेलीच राहते. एवढाच फरक. वजन जवळजवळ तेच, अणू जवळजवळ तेच. फक्त आकार बदलला."

"आकाराने काय होतं?"

"गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचं संप्रेरकही असंच असतं. दोन कडी, पिळलेली. बाळाचा मेंदू घडत असताना ते माझ्या आडनावाचं काम करतं, मुकादमाचं. कोवळ्या पेशींना सांगतं, तू इथे जा, तू आता फांद्या फोड. रक्तातून त्याला मेंदूपर्यंत नेणारं एक वाहन असतं. हा पिळलेला रेणू त्याच वाहनात चढतो, मुकादमाच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि गप्प राहतो. हुकूमच सुटत नाही."

मेंदूच्या बऱ्याचशा भागांचं त्यावाचून निभावतं, त्यांनी सांगितलं. कानशिलाच्या आत बदामाएवढा एक पुंजका असतो, त्याचं निभावत नाही. त्याच्या पेशींना नेमक्या त्या महिन्यांत हुकूम लागतो. धोका ओळखायचा, तो लक्षात ठेवायचा आणि पुढच्या वेळी छातीत धडकी भरवायची, हे काम त्या पुंजक्याचं.

मग त्यांनी दोन बश्या दाखवल्या. दाताच्या गरातल्या पेशींना मागे, गर्भातल्या कोवळ्या अवस्थेत नेऊन त्यांतून मेंदूच्या पेशी वाढवल्या होत्या. दोन्ही पुंजके मोहरीएवढे, दोन्ही उर्वीचे. पिळलेला रेणू मिसळलेल्या बशीतल्या पेशी खुंट्यांसारख्या बोडक्या होत्या. स्वच्छ बशीत मात्र फांद्यांना फांद्या फुटून खारफुटीच्या मुळांसारखं दाट जाळं विणलं गेलं होतं आणि त्यातून मधूनच प्रकाशाची लहर धावत होती.

प्रणिता त्या दुसऱ्या बशीकडे बघत राहिली. तिच्या लेकीची भीती तिथे उगवली होती. काचेच्या बशीत, घरापासून इतक्या लांब.

"हे तिच्या डोक्यात लावता नाही येणार?"

"नाही." डॉक्टरांनी शब्द फिरवले नाहीत. "या फांद्या मेंदूच्या इतर भागांशी जोडल्या जातात त्या घर बांधलं जात असतानाच. तिचं बांधून झालंय. तो रेणू आता शरीरातून काढलाही, तरी जे फुटलंच नाही ते फुटणार नाही."

"मी रोज त्या तेलात असतो," जयेंद्र मध्येच बोलला. आवाज चढला होता. "मला कुठे काय झालं?"

"तुमचा मेंदू तयार होऊन पंचवीस वर्षं झाली, जयेंद्र. आणि तुमच्याजवळ असतो तो सपाट. पिळलेला फक्त चिखलात असतो. चिखलातल्या मासळीच्या चरबीत."

दोघं परत निघाले. चिखलातली मासळी म्हणजे काय, हे दोघांनाही कळलं होतं. उर्वीच्या वेळी प्रणिताला काही पचत नव्हतं. पचत होतं ते एकच, निवट्यांचं कालवण. चिखलात बिळं करून राहणारी ती बोटाएवढी मासळी पकडायला ओहोटीला मांडीभर गाळात उतरावं लागतं. जयेंद्रची आई हिराबाई सुनेसाठी रोज उतरायची. पोटुशी बाईला यासारखं दुसरं काही नाही, असं म्हणत समोर बसून वाढायची.

*

सासूला सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. पण डॉक्टरांचा अहवाल आला आणि बातमी गावभर झाली. हिराबाई संध्याकाळी मासळीची पाटी रिकामी न करताच परत आली आणि उंबऱ्यातच बसली.

"प्रणिता, ते निवट्यांचा खरं हाय का गो?"

"आत्या, तुम्हाला काय माहीत होतं? कुणालाच माहीत नव्हतं."

"म्हंजे खरं हाय." ती आपल्या हातांकडे बघत राहिली. "मना वाटायचा, माझी सून आजून एक वाटी मागतंय. माझाच जीव सुपाएवढा व्हायचा."

प्रणिता तिच्याजवळ बसली. तिला सासूचा राग येत नव्हता, आणि तो येत नाही याचाही तिला त्रास होत होता. कुणावर तरी चिडता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर हिराबाईने उर्वीला हाताने भरवणं सोडलं. नात ताट घेऊन समोर आली की ती काहीतरी काम काढून उठायची.

गावाने प्रणिताकडे पाठ फिरवली ती वेगळ्या कारणाने. अहवालानंतर बाजारात दिवेखारची मासळी कुणी घेईना. "पोरीला मुंबईला नेऊन गावाचं नाव घालवलं," असं बायका प्रणिताच्या तोंडावर म्हणू लागल्या. अंगणवाडीत मुलं येईनाशी झाली. विराजची आई एकटी दाताची एक बाटली घेऊन आली, धाकट्याच्या. ती टेबलावर ठेवली आणि परत गेली.

अहवालावरून कंपनीविरुद्धची सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. कंपनीच्या बाजूने एक तरुण रसायनतज्ज्ञ उभी राहिली. बोलायला अदबशीर, चेहऱ्याने थकलेली.

"आमच्या तेलातला रेणू सपाट आहे," ती म्हणाली. "मुलांच्या दातांत सापडलेला पिळलेला आहे. तो आम्ही बनवत नाही, साठवत नाही, विकत नाही. बंदी घातलेल्या रसायनांच्या यादीतही तो नाही."

"हे बरोबर आहे?" अध्यक्षांनी डॉ. मुकादमांना विचारलं.

"अक्षरशः बरोबर आहे."

"मग तो बनवतं कोण?"

"चिखलातले जिवाणू."

सभागृहात कुणीतरी हसलं. अध्यक्षांनाही ओठ आवळावे लागले. कायद्यात रेणू त्याच्या रचनेने ओळखला जातो, आणि या रचनेला मालक नव्हता. अभ्यासासाठी समिती नेमली गेली. समितीचा अभ्यास सुरू होण्याआधीच कंपनीने आपणहून ते तेल बंद केलं आणि दुसरं आणलं. त्यात क्लोरीनच्या जागी फ्लोरीन होता. सपाट, तपासलेलं, सुरक्षित. चिखलातले जिवाणू त्याचं काय करतील, हे कळायला आणखी एका पिढीचे दात पडावे लागणार होते.

"तू नोकरी सोड," प्रणिता एकदा म्हणाली.

"सोडतो. त्याने उर्वीला भीती वाटायला लागेल?" जयेंद्रने विचारलं. तो चिडून विचारत नव्हता. तिच्याकडे उत्तर असलं तर ते त्याला खरंच हवं होतं.

*

उर्वी आठवं वर्ष पुरं करत आली तसं प्रणिताचं आयुष्य पहाऱ्याचं झालं. गॅस, विहीर, रस्ता, गच्ची. स्वतः आंघोळीला गेली तरी दार अर्धं उघडं ठेवायची. पोरीला नियम पाठ करून घेतले होते. उर्वी ते घडाघडा म्हणून दाखवायची आणि नवीन काही दिसलं की विसरायची. भीती जे काम क्षणात करते ते नियमाने करायचं तर आधी नियम आठवावा लागतो.

अशात डॉ. मुकादमांनी एक गळपट्टा पुढे केला.

"भीतीला मेंदूत दोन दारं आहेत," ते म्हणाले. "एक डोळ्या-कानांतून येणाऱ्या धोक्याचं. ते त्या बदामाच्या पुंजक्यातून जातं. तिचं ते बंद आहे. दुसरं दार शरीराच्या आतलं. श्वास कोंडला, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला, की मेंदूच्या तळाशी धोक्याची घंटा वाजते. ती या पुंजक्याला विचारत नाही. या पट्ट्यात त्या वायूची कुपी आहे. तुमच्या फोनवरचं बटण दाबलंत की एक-दोन श्वासांपुरता वायू तिच्या नाकाशी सुटेल. इजा होणार नाही. पण ती घाबरेल."

"त्याने ती शिकेल? पाण्याला घाबरायला?"

"शिकायला तोच पुंजका लागतो." ते थांबले. "हे औषध नाही, ताई. हा ब्रेक आहे आणि तो तुमच्या हातात आहे. मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं, मला सांगता येत नाही."

प्रणिताने पट्टा घेतला. उर्वीला तो आवडला. निळा होता.

बटण दाबायची वेळ उघाडीवर आली. उघाडी म्हणजे खारभूमीच्या बांधातला पाण्याचा दरवाजा. ओहोटीला तो उघडला की आतलं पाणी गर्जत खाडीत कोसळतं. दोघी बांधावरून परतत होत्या. पाण्याचा आवाज ऐकून उर्वी धावत सुटली आणि लोखंडी चौकटीवर चढून खाली वाकू लागली. प्रणिता ओरडली. उर्वीने वळून पाहिलं, हसली आणि आणखी वाकली. धावत पोहोचण्याइतका वेळ नव्हता.

तिने बटण दाबलं.

उर्वी एकदम ताठ झाली. मग तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो प्रणिताने आठ वर्षांत ऐकला नव्हता. ती चौकटीवरून बांधाच्या अंगाला कोसळली, चार पायांवर रांगत, धडपडत आईकडे आली आणि तिने आईला मिठी मारली. नखं पाठीत रुतली. सगळं अंग थरथरत होतं. "आई, आई, आई." दुसरा शब्द नाही.

प्रणिताने तिला छातीशी आवळलं. लेक घाबरून आपल्याकडे धावली होती, आयुष्यात पहिल्यांदा. प्रणिताच्या अंगातून एक ऊब धावली, जिची तिला त्याच क्षणी किळस आली. हे सुख आपण बटण दाबून मिळवलं होतं.

घरी जयेंद्रने लेकीच्या मानेवरून पट्टा काढला. लाल झालेले डोळे, सोललेले गुडघे बघून तो बायकोवर ओरडणार होता, पण तिचा चेहरा पाहून जखमांवर लावायला हळद आणायला गेला. हिराबाई कितीतरी महिन्यांनी पुढे झाली. तिने नातीला मांडीवर घेतलं आणि पेज भरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालून घेताना उर्वीने विचारलं, "आई, काल ते काय झालं होतं मला?"

"त्याला भीती म्हणतात."

"तुला होते तशी?"

"हो."

"मी गच्चीवर गेले की होते? विहिरीजवळ गेले की?"

"हो गं."

"कुत्र्याजवळ बसले तेव्हापण?"

"तेव्हापण."

उर्वी वळली. अर्धी वेणी सुटली. तिने आईच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधावं तसं बराच वेळ पाहिलं. "एवढं होतं तुला? रोज?" ती हळू आवाजात म्हणाली. "मग तू कशी राहतेस गं?"

प्रणिताने सुटलेली वेणी हातात घेतली. तिने उर्वीला परत पाठमोरी केलं आणि केस पुन्हा पहिल्यापासून विंचरायला घेतले. पट्टा तिने त्याच दिवशी डॉक्टरांना परत पाठवला. उघाडीची उर्वीला भीती बसली नव्हतीच. त्याच आठवड्यात ती तिथे जायला निघाली होती. मात्र फाटकापाशी थांबून तिने हाक मारली होती, "आई, मी उघाडीवर गेले तर तुला ते होईल का?" आणि होईल म्हटल्यावर मुकाट्याने परत फिरली होती. प्रणिताला क्षणभर हायसं वाटलं. मग लक्षात आलं, की हे सगळं आई समोर असेपर्यंतच आहे. आई दिसली नाही की थांबायला उर्वीकडे काही कारण नव्हतं.

पावसाळा सरल्यावर दोघी पुढच्या तपासणीसाठी मुंबईला निघाल्या. लाँच पकडायला धक्क्यावर आल्या तेव्हा भरती पुरती चढलेली होती. धक्का अरुंद, शेवाळाने निसरडा. एका बाजूला बर्फाच्या गाड्या लागलेल्या, दुसऱ्या बाजूला कठडा नसलेलं खोल, काळपट पाणी. प्रणिताने सवयीने लेकीला गाड्यांच्या बाजूला घेतलं आणि तिचा हात धरला. प्रणिताच्या तळव्याला घाम सुटला होता. उर्वीला तो जाणवला.

ती थांबली, आईला वळसा घालून पाण्याच्या बाजूला आली आणि तिने आईचा दुसरा हात धरला.

"उर्वी, इकडे ये. आतल्या बाजूला."

"तू आतून चाल," उर्वी समजुतीच्या सुरात म्हणाली. मोठी माणसं लहान मुलांशी बोलतात तशी. "तुला भीती वाटते ना? मला वाटत नाही. म्हणून पाण्याकडून मीच चालायला पाहिजे."

प्रणिता तिला ओढून आत घेणार होती, पण धक्का निसरडा होता आणि लाँचची माणसं घाई करत होती. तिने लेकीचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट पकडलं. इतकं घट्ट, की बोटं पांढरी पडली. उर्वीला दुखत असणार. पण तिने हात सोडवून घेतला नाही. आईला बरं वाटावं म्हणून तो तसाच तिच्या हातात राहू दिला, आणि काठाकाठाने, मान वळवून पाण्याकडे बघत, ती पुढे चालू लागली.